उजवा डोळा, प्रभू

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं गेलं. दवाखान्यात शिरलं की त्यांचं बीपी चढायचं. घरी मोजलं की नॉर्मल. बाबा सीताबर्डीत घड्याळं दुरुस्त करतात आणि भिंग उजव्याच डोळ्याला लावतात. भीती वाटते का, असं विचारलं की ते बीपीच्या मशीनला नावं ठेवत. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलंय, त्यामुळे मशीनची बाजू मलाच घ्यावी लागे.

या वेळी आदल्या संध्याकाळी आमच्याकडे घरसभा, म्हणजे चर्चमधल्या लोकांची घरगुती प्रार्थना ठेवली. गीतं झाली, बायबलमधलं वचन झालं आणि शेजारच्या यमुताई बाबांच्या समोर बसून प्रार्थना करू लागल्या. त्यांची प्रार्थना 'हे स्वर्गीय पित्या' अशी पुस्तकी सुरू होते आणि दुसऱ्याच वाक्यात नागपुरी होते. मग त्या देवाला पत्ता सांगतात: दवाखाना कोणता, मजला कितवा, लिफ्ट बंद असली तर जिना कोणीकडे. सर्वज्ञाला पत्ता कशाला, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलाय, पण डोळे मिटलेले असताना विचारता येत नाही.

"आणि प्रभू, या आमच्या भावाच्या डाव्या डोळ्यावर तुझा हात राहू दे," यमुताई म्हणाल्या.

मी एक डोळा उघडला. आईनेही उघडला होता. पण प्रार्थना चालू असताना आमच्यात एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त देवाशी बोलतात. यमुताईंनी डाव्या डोळ्यासाठी आणखी बरंच काही मागितलं. बाबांच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या. मोठ्याने प्रार्थना करायची पाळी आली की खोकत बाहेर जाणारा हा माणूस.

"प्रभू," बाबा एकदम म्हणाले, "यमुताई डावा म्हणून राहिली. उजवा आहे."

यमुताई थांबल्या. आता बाबांची अडचण अशी, की देवाला हाक मारून लगेच आमेन म्हणणं बरं दिसत नाही. सगळे वाट पाहत होते. बाबा घसा खाकरून तिथेच बसले.

"त्याच डोळ्यानं मी पोट भरतो," ते हळूच म्हणाले. "तो गेला तं काय करू, समजत नाही. मले बहुत भेव लागून राहिलं, प्रभू. घरी कोणाले सांगितलं नाही. तुले सांगून राहिलो."

घरचे सगळे शेजारीच बसलो होतो. आईने डोळे मिटूनच त्यांचा हात धरला. आमेन झाल्यावर बाबांनी चिवडा दोनदा घेतला. मी बीपीचं मशीन घेऊन खोलीत गेले तर ते घोरत होते.

सकाळी दवाखान्यात सिस्टरने पट्टा बांधला. आकडा नॉर्मल आला. एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये म्हणून मी पुन्हा मोजायला सांगितलं. पुन्हा नॉर्मल.

"काहून वं," बाबा म्हणाले, "आता मशीनवर तुझाच भरोसा नाही का?"

मग सिस्टरने डोळा कोणता, असं विचारलं. सोबत आलेल्या यमुताईंनी तोंड उघडलं, पण आई, बाबा आणि मी, तिघांनी एकदमच 'उजवा' म्हटलं.

"मी समोर बसली होती ना," यमुताई फणकारल्या. "माझ्याकडून डावाच दिसे."

बाबा हसत हसत आत गेले. मी बाकावर बसून विचार करत राहिले: वरून पाहिलं तर कोणता दिसत असेल?