काकांनी टाकलेला शब्द

पुतण्याचं शिक्षण संपलं होतं आणि राहण्याचा परवाना महिनाअखेरीस संपणार होता. त्याआधी शिकलेल्या विषयातली नोकरी मिळाली, तरच त्याला या देशात थांबता येणार होतं. अर्ज पाठवून तो थकला. उमेदवार परदेशी आहे म्हटलं की कंपन्या हात आखडता घेत. शेवटी शीतगृहं बांधणाऱ्या एका कंपनीने दोनदा बोलावलं. तिसरी, शेवटची मुलाखत शुक्रवारी होती.

तो काकांकडे राहायचा. काका एका लाँड्रीत इस्त्रीला होते. पुतण्या स्वयंपाकघरात फ्रिजसमोर उभा राहून उत्तरांची तालीम करायचा.

"फ्रिजच ठेवतोय वाटतं तुला नोकरीवर," काकू म्हणायची.

बुधवारी काका तोंडभर हसत घरी आले. मुलाखत घेणाऱ्या साहेबांचे शर्ट कित्येक वर्षं त्यांच्याच टेबलावर यायचे. आज साहेब कपडे न्यायला आले, तेव्हा काकांनी त्यांना गाठलंच. आमच्या भावाचा मुलगा आहे, हुशार आहे, जरा लक्ष असू द्या, एवढंच म्हणाले. साहेबांनी नाव विचारून घेतलं.

"नाव विचारलं म्हणजे काम झालं समज."

काकांना लाँड्रीतही असंच कुणीतरी चिकटवलं होतं. ओळखीशिवाय पान हललेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पुतण्याने हातातला घास ताटात ठेवला. इथे असं चालत नाही, हे आता सांगून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला. फोनवरची बाई फार गोड बोलली. उमेदवाराचे काका ओळखीचे आहेत, हे साहेबांनी स्वतःच कळवलं होतं, आणि ते या मुलाखतीला बसणार नव्हते. दुसरा अधिकारी नेमायला वेळ लागणार होता. मुलाखत पुढच्या महिन्यात. पुतण्याने परवान्याचं सांगितलं, हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. तिला वाईट वाटलं, पण नियमापुढे तिचा इलाज नव्हता.

काका सगळं ऐकत होते.

"माणूस सरळ निघाला रे," असं म्हणून ते मटकन खाली बसले. मग एकाएकी उठले. "मी जातो त्यांच्याकडे. सांगतो, हा माझा कोणी लागत नाही. आमच्याकडे भाड्याने राहतो, म्हणून पुतण्या म्हणालो."

"अहो, आडनाव एकच आहे," काकू म्हणाली. "ते काय धुऊन काढणार?"

"एका आडनावाची पुष्कळ माणसं असतात."

"सख्ख्या भावाचा मुलगा आहे तो."

"मला सांगतेस?"

काका दाराशी थांबले. पुतण्या नको म्हणेल, याची ते वाट पाहत होते. काकूही त्याच्याकडेच पाहत होती. पुतण्या उठला, खुंटीवरचा काकांचा कोट काढला आणि त्यांच्या हातात दिला.