दुसरं बटण

घटना: लाहोर, १६०६
शिखांच्या पाचव्या गुरूंना बादशहाने कैदेत टाकलं आहे. त्यांनी मोठा दंड भरावा आणि ग्रंथातली काही वचनं बदलावीत, असा हुकूम आहे.
*अ. नकार द्या.*
*ब. दंड भरा, वचनं बदला.*

यातली शेवटची ओळ शलाकाने फेब्रुवारीतल्या एका दुपारी डबा खाता खाता लिहिली होती.

आता ही शलाका कोण ते आधी सांगून टाकू, म्हणजे गोष्ट मोकळी होईल. दांडिया बाजारातल्या सुभानराव जगदाळ्यांची ही धाकटी मुलगी. इतिहासात एम.ए. झाली. बडोद्यात इतिहासाला गिऱ्हाईक नाही हे कळल्यावर समा रोडवरच्या गुणवंतभाईंच्या कंपनीत लागली. कंपनी म्हणजे मधली भिंत पाडून एक केलेले दोन फ्लॅट. तिथे परदेशातल्या लोकांसाठी राज्यं चालवायचा खेळ तयार होत होता. समोर नकाशा, त्यातला एक देश आपला. सैन्य हलवा, तह करा, शतकं ओलांडा. अधूनमधून पडद्यावर चौकट उघडते, काहीतरी घडलेलं असतं, आणि खेळणाऱ्याने बटण दाबून ठरवायचं.

या चौकटी शलाका लिही. पंजाब तिच्याच वाट्याला आला होता, पहिल्या गुरूंपासून लाहोरचं राज्य बुडेपर्यंत. परदेशातल्या मालकांचा नियम असा, की प्रत्येक चौकटीला किमान दोन बटणं हवीत. एकच असलं तर खेळणाऱ्याला वाटतं, आपल्याला कुणी विचारतच नाही. म्हणून तिने दुसरं बटण लिहिलं. लिहिलं, आणि उरलेला वरणभात संपवला.

घटना: समा रोड, बडोदे, २००८
चाचणी करणारा तरलोचनसिंग दुसरं बटण दाबायला तयार नाही.
*अ. त्याला समजवा.*
*ब. बटण काढून टाका.*

शलाकाने आधी अ करून पाहिलं.

तरलोचन फत्तेगंजात जन्मला. गुजराती लोण्यासारखं बोलायचा, आणि नवरात्रात त्याची पगडी गरब्याच्या रिंगणात सगळ्यांत पुढे असायची. चाचणी करणाऱ्या प्रत्येकाला एक देश मिळे. त्या देशाच्या चौकटींतलं प्रत्येक बटण त्याने आपल्या नावाने आत शिरून एकदा तरी दाबायचं, तो डाव शेवटपर्यंत चालू द्यायचा, मग त्या बटणापुढे हिरवी टिक आणि टिकेपुढे त्याचं नाव. नाव एकदा लागलं की निघत नसे. पंजाब देताना गुणवंतभाई म्हणाले होते, "तारुं घर छे, तारा सिवाय कोण?" तरलोचनला तो मान वाटला होता. आनंदपूरची चौकट उघडली, दहाव्या गुरूंचा खालसा उभा राहिला, तेव्हा त्याने चहावाल्यालासुद्धा पडद्यापाशी बोलावलं होतं.

"शलाकाबेन, हरायला माझी ना नाही," तो म्हणाला. "लाहोर बुडालं, ते बटण मीच दाबलं. झालेलं आहे ते. पण हे?"

"हे तर झालेलंच नाही. खेळ आहे रे बाबा."

"तेच म्हणतो. जे त्यांनी केलं नाही, ते मी करू?"

"मग मी दाबते. तू बाहेर उभा राहा."

"तुमच्या नावाने दाबा ना, कोण अडवतंय? माझ्या नावापुढे टिक नको. बस." मग म्हणाला, "आजी रोज अरदास म्हणते, आमची प्रार्थना. ज्यांनी शिर दिलं पण धर्म नाही दिला, त्यांची आठवण असते त्यात. रोज. ती म्हणत असताना मी मागे हात जोडून उभा असतो. काय तोंडाने उभा राहू?"

पण तिच्या नावाने टिक लागेना. पंजाब तरलोचनच्या नावावर होता.

मग ब. तिने परदेशात मेल धाडली, की हे बटण काढावं, लोकांची मनं दुखावतील. उत्तर आलं, की खेळणाऱ्याचं स्वातंत्र्य हीच आमची ओळख आहे. तिने पुन्हा लिहिलं, निदान दोन्ही बटणांचा परिणाम एकच ठेवा. उत्तर आलं, मग दोन कशाला? चौकट आवडल्याचंही त्यांनी कळवलं. फार जिवंत लिहिली आहे म्हणे.

त्याच सुमारास अमेरिकेत बँका बुडू लागल्या आणि त्यांचं पाणी समा रोडपर्यंत आलं. गुणवंतभाईंनी शलाकाला आत बोलावलं.

"नऊ तारखेला ज्या देशाची चाचणी पूर्ण नाही, तो देश खेळातून बाद. आणि त्या देशाचा माणूस इथून बाद."

"नऊला दसरा आहे, गुणवंतभाई."

"गोऱ्यांना कोण सांगणार? तू समजाव त्याला. इथून गेला तर लुधियान्याला मामाच्या गोदामात बसेल. त्याला तिकडची धड पंजाबीसुद्धा येत नाही." त्यांनी डोळे चोळले. "एक बटण, बेटा. एक."

घटना: दांडिया बाजार, खंडेनवमी
*अ.*
*ब.*

इथे बटणांवर काही लिहिलेलं नाही. घरी गेल्यावर शलाकाला काही विचारलंच गेलं नाही.

सुभानरावांनी पाटावर तलवार मांडली होती. त्यांच्या पणजोबांना सरकारी पागेतून मिळालेली. दर खंडेनवमीला तिला तेल, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळे.

"तुझं हत्यार काय? आण इकडे."

शलाकाने पिशवीतून माऊस काढून दिला. सुभानरावांनी तो तलवारीशेजारी ठेवला, त्याच्या पाठीवर कुंकू लावलं आणि वायर नीट गुंडाळली.

"बाबा, ही कधी उपसली होती का हो?"

"कशाला उपसायची? आपल्या दरबाराने इंग्रजांच्या कंपनीशी तह केला. फौज त्यांची, खर्च आपला. लोक हसले आपल्याला. हसणाऱ्यांची राज्यं गेली आणि आपण बघ, श्रीखंड खातोय."

"आणि ज्याला सहीच करायची नसेल?"

"त्याच्यासाठी दुसरा कुणीतरी करतो." सुभानराव हसले. "घर असंच वाचतं, शलू. एकाचा हट्ट, दुसऱ्याची सही. वाढ आता, भूक लागली."

ती वाढायला उठली. त्या रात्री तिने काहीच ठरवलं नाही. पण सकाळी निघताना कुंकू लागलेला माऊस तिने पुसला नाही.

घटना: दसरा, सकाळ

ऑफिसात प्रत्येक पडद्याला झेंडूची माळ होती. दसऱ्याला अख्खं बडोदं फाफडा-जलेबीच्या रांगेत उभं असतं. तशी इथूनही कुणालातरी पाठवायची वेळ आली.

"तरलोचनला पाठवा," कुणीतरी म्हणालं. "त्याची पगडी लांबून दिसते. फरसाणवाला आधी देतो."

"गेल्या वर्षी पगडी बघून त्याने लस्सी विचारली मला," तरलोचन म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. खुर्ची मागे सरकवून तो निघाला. त्याचा पडदा चालूच होता. वर कोपऱ्यात त्याचं नाव होतं. इथे कुणीच आपलं यंत्र बंद करून जात नसे, सगळे घरचेच.

शलाका त्याच्या खुर्चीत बसली.

अ. उठ.

उठली नाही. लाहोरची चौकट समोर आली. तिच्याच हातची चार वाक्यं. जिवंत लिहिलेली. तिला वाटलं, तो चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, पण इथे असेल. गरब्यात असेल. आजीच्या मागे उभा राहील. तिने ब दाबलं.

चौकट मिटली. पंजाब होता तसाच राहिला. टिक डाव संपल्यावर लागणार होती. तोवर यंत्र बंद करून चालणार नव्हतं.

तरलोचन आला तेव्हा ती तिथेच बसलेली होती. त्याच्या हातातल्या पुड्याला तेल सुटलं होतं. त्याने पडद्याकडे बघितलं. वर्ष सोळाशे चाळीस चालू होतं.

"दाबलंत?"

"तुझी नोकरी..."

"हं."

तो ओरडेल म्हणून ती थांबली. तो ओरडला नाही. त्याने पुडा टेबलावर ठेवला, दुसरी खुर्ची ओढली आणि शेजारी बसला.

"परत नाही ना घेता येत?"

"नाही."

"बंद केलं तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून. आणि दाबलेलं तुझ्याच नावावर राहील."

मग दोघं बघत बसले. वर्षं सरकत होती. सोळाशे नव्याण्णव आलं. आनंदपूरवर त्याची नजर खिळली. इथे त्याची चौकट उघडायची, इथेच त्याने चहावाल्याला हाक मारली होती. काही उघडलं नाही. सतराशे आलं. पंजाबचा रंग बदलला, मग आणखी बदलला, कुणी कुणी घेतला आणि सोडला. लाहोरात त्याचं कुठलंच राज्य उभं राहिलं नाही, त्यामुळे बुडायचंही राहून गेलं. मागे कुणीतरी जलेबी मागितली. तरलोचनने न बघता पुडा मागे दिला.

"आजी कुठे असेल यात?" तो म्हणाला. चौकटी लिहिताना हा प्रश्न शलाकाला पडला नव्हता.

तेवढ्यात पडदा थांबला. डाव बघत बसलेल्या माणसालाही इतर देशांच्या मोठ्या चौकटी स्वतःच दाबाव्या लागत.

घटना: बडोदे, १८०२
कंपनी सरकारने मदतीचा हात पुढे केला आहे.
*अ. फौज ठेवून घ्या, खर्च द्या, गादी वाचवा.*
*ब. नकार द्या.*

हीसुद्धा शलाकानेच लिहिली होती. तरलोचनने माऊस तिच्याकडे सरकवला.

"आ तमारुं छे, शलाकाबेन."

तिचा हात सवयीने अ वर गेला आणि थांबला. तिने बाण ब वर नेला. निदान हे तरी. एकदा तरी. बडोद्याच्या बाजूने कुणीतरी नाही म्हणावं, आज, त्याच्यासमोर.

"दाबा ना," तरलोचन हळू म्हणाला. आवाजात राग नव्हता. "काहीही दाबा. नाव माझंच लागणार आहे."

तिचं बोट माऊसवर तसंच राहिलं. पडद्यावरची माळ पंख्याच्या वाऱ्याने हलत होती. गुणवंतभाई आतून विचारत होते, "थई गयुं के? झालं का?"