अंगारकीचा बहिष्कार

पासष्टची लढाई चालू होती. हिंदी मुलखातल्या आमच्या लष्करी कारखान्यात बारा-बारा तास काम चालायचं, चेरीतालपासून सदरपर्यंत शहरभर संध्याकाळी खिडक्यांना काळे कागद लागायचे, आणि आमच्या युनियनला स्वतःच्या मोठेपणाचा असा ताप चढला होता की विचारू नका. रोज गेट मीटिंग, रोज ठराव. जवानांसाठी रक्तदान झालं तेव्हा सुई टोचून घ्यायला मजूर पुढे आणि फोटो काढून घ्यायला पदाधिकारी. सेक्रेटरी भाऊराव बोलायला उभे राहिले की त्यांची मूठ आधी वर जायची. काय बोलायचं ते मागाहून सुचायचं.

मी पुष्पा. नवरा गेल्यावर मला कारखान्याच्या कँटीनमध्ये घेतलं होतं. बटाटे सोलता सोलता मला सगळी युनियन दिसायची, कारण माणूस खरा कसा आहे ते ताट हातात आल्यावर कळतं.

त्या दिवसांत शालिग्राम नावाच्या एका कामगाराचा हात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडला. सलग दुसरी पाळी करत होता बिचारा, डोळा लागला असेल. उजव्या हाताची बोटं गेली. दवाखान्यातून परत आला तर कानावर आलं की त्याला कामाला नालायक ठरवून काढणार. नोकरी गेली की क्वार्टर जाणार, आणि क्वार्टर गेलं की जवळच्या पाटण गावी भावाच्या दारात उभं राहायचं, जो भाऊ याला दिवाळीलासुद्धा बोलावत नव्हता. त्याची बायको शकु माझ्याबरोबर कँटीनमध्ये रोजंदारीवर होती. भाऊरावांना तिनं एवढंच सांगितलं होतं: त्याला स्टोअरमध्ये नाहीतर गेटवर कुठेतरी हलकं काम मिळवून द्या. डाव्या हातानं हजेरीची टोकनं वाटता येतातच की.

लढाईत संप करायचा तर देशद्रोही ठरायचं. पण आमच्या लोकांकडे एक हत्यार होतं, कँटीनचा बहिष्कार. काम पूर्ण करायचं, पण दुपारी कँटीनच्या अन्नाला हात लावायचा नाही. शिजवलेलं तसंच परत गेलं की मोठ्या साहेबाला वर जाब द्यावा लागायचा, ऐन लढाईत माणसं उपाशी का राहिली म्हणून. मागे चहा पातळ मिळतो म्हणून हीच माणसं दोन दिवस उपाशी राहिली होती आणि साहेबाला नमवलं होतं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता.

शालिग्रामचा निकाल बुधवारी लागणार होता. भाऊरावांनी मंगळवारी बहिष्कार जाहीर केला आणि स्वतःच येऊन आम्हाला बातमी दिली.

"मंगळवारच काहून?" मी विचारलं.

"अंगारकी आहे न, पुष्पाताई! आपली मराठी माणसं तशीही जेवत नाहीत. हिंदीवाल्यांचा बजरंगबलीचा उपास. एक ताट उचललं जाणार नाही, पाहून घ्या तुम्ही." आणि असे हसले, जणू शत्रूचा रणगाडा एकट्यानं पकडून आणला.

म्हणजे शालिग्रामसाठी उपाशी राहायचं, पण ज्या दिवशी तसंही उपाशी राहायचंय त्या दिवशी. देवाच्या खात्यातला उपास उचलून युनियनच्या नावावर टाकायचा. त्यागाची अशी काटकसर मी जन्मात पाहिली नव्हती. पण शकुचा चेहरा उजळला होता, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी कँटीनचे सुपरवायझर रामराव आमच्याकडे आले. रामराव आमच्यातलेच, अमरावतीकडचे, देवाधर्माचे. आपली माणसं त्यांना बरोबर ठाऊक होती. "उद्या भाजी-पोळी थोडीच करा," ते म्हणाले, "आणि साबुदाणा भिजवा. सगळा. दाण्याचं कूट कमी पडू देऊ नका."

रामरावांचा बेत माझ्या ध्यानात आला. शकु मात्र शांतपणे साबुदाणा धुवत होती.

"हे लोक खातील, शकु," मी म्हटलं.

"नाही खाणार, ताई. त्यांनी शब्द दिला आहे. ह्यांच्यासमोर दिला आहे."

मंगळवारी दुपारी भोंगा झाला आणि सगळे कँटीनसमोरच्या कडुलिंबाखाली जमले. शालिग्रामला मधोमध खुर्चीवर बसवलं होतं, गळ्यात हार, बँडेजचा हात मांडीवर, सगळ्यांना दिसेल असा. भाऊरावांनी मूठ वर केली. "मजदूर एकता!" "जिंदाबाद!" आवाज असा घुमला की माझ्यासारख्या खडूस बाईलाही वाटलं, चला, निभावणार बहुतेक.

तेवढ्यात रामरावांनी कँटीनच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आत तूप-जिऱ्याच्या फोडणीत साबुदाणा मोकळा होत होता, वर हिरवी मिरची आणि बटाटा. पहाटेपासून पोटात चहाशिवाय काही नसलेली माणसं. घोषणा हळू झाल्या. मग थांबल्याच.

पहिला नथ्थू आला. खरादावरचा, म्हणजे लेथवरचा तगडा गडी, शालिग्रामचा शेजारी. खिडकीशी येऊन मला म्हणाला, "दीदी, साबूदाना तो व्रत का है. खाना थोड़ी हुआ?"

"नेत्याला विचार तुझ्या," मी म्हटलं.

त्यानं खरंच विचारलं! भाऊराव आले. वाकून पातेल्यात पाहिलं. दोन-चार कमिटीवाले गोळा झाले आणि कडुलिंबाखाली गंभीर चेहऱ्यानं खलबत सुरू झालं. दारूगोळ्याचाही एवढा विचार कोणी करत नसेल. मग भाऊरावांनी निर्णय दिला. "ठरावात काय लिहिलंय? जेवणावर बहिष्कार. फराळ म्हणजे जेवण नाही. ज्यांचा उपास आहे त्यांनी फराळ करायला हरकत नाही. शिस्तीनं रांग लावा."

आणि लावली हो रांग! शिस्तीनं! ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी अंगारकी केली नव्हती तेही रांगेत उभे राहिले. भाजी-पोळीच्या ताटांकडे मात्र कोणी पाहिलं नाही. तेवढं तत्त्व त्यांनी जपलं.

वाढायला शकु होती. तिनं पहिला डाव भरला, आणि समोर नथ्थूची प्लेट पाहून तिचा हात अडला.

"वाढ की," रामराव मागून म्हणाले. रोजंदारीची बाई, नाही म्हणाली तर उद्या दारात कोण घेणार? तिनं वाढलं. पुढच्याला वाढलं. एकेक जण यायचा, प्लेट पुढे करायचा, नजर खाली ठेवायचा. एकानं तर वर लिंबू मागितलं.

माझा संताप संताप झाला. "अरे, लाजा नाही वाटत?" मी खिडकीतून ओरडले. "तिच्याच नवऱ्यासाठी उपाशी राहणार होते न तुम्ही? तिच्याच हातून खाऊन राहिले?"

"पुष्पाताई, राजकारणातलं तुम्हाला कळत नाही," भाऊराव घास गिळून म्हणाले.

बाहेर खुर्चीवर शालिग्राम एकटाच उरला होता. भाऊरावांना दया आली. एक प्लेट भरून घेतली, बाहेर नेऊन त्याच्या मांडीवर ठेवली, म्हणाले, "खाऊन घे बा, तुझाही उपास असेल." शालिग्रामचा उजवा हात सवयीनं प्लेटकडे गेला. बँडेज खिचडीत टेकलं. त्यानं हात मागे घेतला आणि तसाच बसून राहिला. शकुनं खिडकीतून ते पाहिलं. डाव टाकून ती बाहेर गेली, पदरानं बँडेज पुसलं, गळ्यातला हार काढला आणि त्याला घेऊन घरी गेली. तिच्या जागी रामराव वाढायला उभे राहिले.

मोठ्या साहेबानं वर कळवलं की मंगळवारी कँटीनमध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसं जेवली, कामगार समाधानी आहेत. बुधवारी शालिग्रामला काढल्याचा हुकूम निघाला. त्याच संध्याकाळी गेट मीटिंगमध्ये भाऊरावांनी बहिष्कार शंभर टक्के यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. भाजी-पोळीचं एकही ताट उचललं गेलं नव्हतं, हे खरंच होतं. टाळ्या पडल्या.

क्वार्टर सोडायच्या दिवशी मात्र अख्खी युनियन हजर. काय ती धावपळ! नथ्थूनं एकट्यानं लोखंडी पेटी उचलली. कोणी खाट घेतली, कोणी गाद्या, कोणी शेगडी. ट्रक बघता बघता भरला. एवढ्या माणसांनी एवढ्या मनापासून एखाद्याला बेघर केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. शालिग्राम पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता, समोर बघत. त्यानं कोणालाच नमस्कार केला नाही, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

शकुनं रिकाम्या घराला कडी घातली. भाऊराव पुढे आले, डोळे पाणावलेले. आणि चीड याची की ते पाणी खोटं नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "पाटणला गेल्यावर एकटं समजू नका. काही लागलं तर फक्त सांगा. सगळे आहोत आम्ही."

शकुनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"सांगितलं होतं न, भाऊजी," ती म्हणाली. मग ट्रकच्या मागच्या बाजूनं चढली, खाटेच्या पायाला धरून बसली आणि हाक दिली, "चलो भैया."