भट्टीवाल्याचं ऊन

"'अजिबात नाही' असं लिहा," पाववाले काका म्हणाले. "उगाच शाई वाया घालवू नका."

दवाखान्यातल्या नर्सबाई तीन दिवस गल्लीत घरोघर फिरत होत्या. हवामान बदलतंय, उन्हाळे वाढतायत, तुम्हाला धोका किती वाटतो, हे विचारायचं आणि वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांना दुपारपुरतं तरी खाली आणायचं, हे त्यांचं काम. काकांची खोली बेकरीच्या वर, थेट पत्र्याखाली. बाईंनी रंगीत पत्रक पुढे केलं. त्यावर बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं एक पांढरं अस्वल होतं.

"आधी ह्याला खाली उतरवा," काका म्हणाले. "बिचारं अडकलंय."

बाईंना हसू आवरेना. "काका, चेष्टा नको. पलीकडच्या गल्लीत दोघं चक्कर येऊन पडले."

"त्यांनी भट्टी बघितली नसेल. मी चाळीस वर्षं तिच्या तोंडाशी उभा होतो. मला ऊन काय सांगता?"

बाई गेल्या. बाजी मारल्याच्या आनंदात काका खाली बेकरीत आले, तर सून पीठ भिजवण्याच्या पाण्यात बर्फ फोडून घालत होती.

"हे काय चाललंय?"

"दोन वर्षं घालतेय, बाबा. उन्हाने पीठ फार लवकर फुगतं. यीस्टही निम्मं केलंय."

"माझं माप बदललंस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

काकांनी बाह्या वर सारल्या. "आण ती परात."

त्यांनी साध्या पाण्यात, आपल्या जुन्या मापाने पीठ मळलं, ओल्या फडक्याने झाकलं आणि "दोन तास हात लावू नकोस" असं बजावून ते पायरीवर जाऊन बसले. तासाभरात सुनेने हळूच हाक मारली. पीठ परातीबाहेर येऊन मधोमध खचलं होतं. आंबट वास सुटला होता. काकांनी बोट रुतवलं; खळगा भरून आला नाही.

"भट्टीची धग लागली असेल."

"भट्टी दुपारी चारला पेटते, बाबा. आत्ता बारा वाजलेत."

काकांनी बोट धोतराला पुसलं. पत्रकांवर, रेडिओवर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. पण पिठाने त्यांना जन्मात फसवलं नव्हतं.

"मागच्या महिन्यात मी जिन्यात बसलो होतो," परात बाजूला सारत ते म्हणाले. "तुला म्हटलं गुडघा दुखतोय. गुडघा नव्हता. डोळ्यांपुढे अंधारी आली होती."

"ठाऊक आहे," सून म्हणाली. "मागची पोत्यांची खोली मी तेव्हाच झाडून ठेवलीय. तुम्ही म्हणायची वाट बघत होते."

संध्याकाळी खाट खाली आली. जाड भिंतींच्या त्या गार खोलीत, मैद्याच्या वासात, काकांना लहान मुलासारखी झोप लागली.

सकाळी त्यांनी नर्सबाईंना रस्त्यातच गाठलं. "ते 'अजिबात नाही' खोडा. आणि शिंपी उतरला का खाली?"

"कुठले! दारसुद्धा उघडलं नाही."

"तुम्ही अस्वल दाखवलं असणार. राहू दे, मी बघतो."

शिंपी त्यांचा जुना मित्र, समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकटा राहणारा. काका प्रत्येक वळणावर टेकत टेकत वर पोहोचले. शिंप्याने दार उघडलं. आत भिंतीही तापल्या होत्या.

"तू? आणि वर?"

"तुला न्यायला आलोय. माझ्याकडे खाली दुसरी खाट मावते."

"त्या बाईने पढवलं वाटतं?"

"नाही रे. काल माझं पीठ फसलं."

शिंपी बघतच राहिला. आपलं पीठ फसलं असं ह्या माणसाने उभ्या आयुष्यात कधी कबूल केलं नव्हतं. त्याने खुंटीवरची मोजपट्टी काढून, दुकानात जाताना घालायचा तशी गळ्यात घातली, दाराला कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. मग दोघं भिंतीला हात लावत, एकेक पायरी उतरू लागले.