भंगारात नाही, चौकात!

मी एक जुनी जीप आहे. म्हातारी म्हणा हवं तर, पण मित्रांनो, मला भंगार म्हणू नका!

कारखान्यातून निघाले ती थेट खाणीवर. बारा वर्षं माणसं आणि दगड वाहिले. तेव्हा मालक कौतुकाने म्हणायचा, "जीप कसली, घोडी आहे घोडी!" पुढे नवी गाडी आली आणि मी शेडमागे गेले. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. अपमान म्हणतात तो हा!

मालकाच्या बहिणीचं गॅरेज होतं. तिने मला पुन्हा उभं केलं आणि रानावनातून जाणाऱ्या सहा दिवसांच्या मोटार शर्यतीत माझं नाव घातलं. शर्यत शहराच्या मोठ्या चौकात, कापडी कमानीखाली संपणार होती. मालक म्हणाला, "शेवटच्या दिवशी पाचच्या आत कमानीखाली आली तर ठेवू. नाहीतर तिथूनच भंगारात."

बहीण गाडी चालवी. मालकाची बायको शेजारी बसून वहीतला मार्ग वाची. पाच दिवस निभावले. सहाव्या सकाळी टायर फाटले, म्हणून मोठी चाकं बसवली. मोठं चाक एका फेरीत जास्त पुढे जातं. माझा अंतराचा काटा बिचारा चाकाच्या फेऱ्याच मोजतो. वहीत होतं, 'चाळीस किलोमीटरवर उजवीकडे'. काट्यावर छत्तीस होते तेव्हाच वळण मागे पडलं, आणि आम्ही कोरड्या नदीच्या वाळूत रुतलो.

"वहिनी, वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं हो, वन्सं! पण चाकं कुणी बदलली?"

दोघींनी वाकून मोठ्या चाकांकडे पाहिलं. मग दोघी पोट धरून हसल्या.

"काट्यावर नऊ झाले की दहा धरा आता," वहिनी म्हणाली.

मागून संयोजकांचा ट्रक आला. "आजीबाईंना दोर लावू का?" दोर लावला की शर्यतीतून बाद.

"तुमच्याच कमरेला बांधा तो!" वहिनी कडाडली.

दोघींनी टायरमधली हवा कमी केली, हातांनी वाळू उपसली. देवाची कृपा म्हणा, त्यांची जिद्द म्हणा, मी एक डरकाळी फोडली आणि वर आले!

शहरात पोचलो तर वाजंत्री वाद्यं आवरत होते, झाडूवाले रस्ता झाडत होते. कमानीचं कापड अर्धं उतरलं होतं.

"आटपलं सगळं," पंच म्हणाले.

"घड्याळ बघा, पंच! पाचला दोन मिनिटं कमी आहेत," वहिनी म्हणाली.

झाडूवाले बाजूला झाले. गच्च्यांवरून टाळ्या पडल्या. लोंबतं कापड टपावर घेऊन मी कमान ओलांडली: सगळ्यांत शेवटची, पण वेळेत! भंगारवाल्याला घेऊन आलेला मालक खाली मान घालून त्याला म्हणाला, "चला, तुम्हाला चहा पाजतो."

मित्रांनो, जुन्या यंत्राची कीव करू नका. त्याचं तेल बदला, गंज घासा, त्याला काम द्या. मोडीत काढायच्या आधी एकदा किल्ली फिरवून बघा. आणि आवाज आलाच, तर वाटेतून बाजूला व्हा!