धम्माचं मागणं

धम्मानंद माझा नवरा, पण त्याआधी तो माझ्या आत्याचा मुलगा. लहानपणापासून आमचं अरेतुरे. लग्नानंतर चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते आणि घरात पुन्हा 'धम्मा'. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही रेणुका नवऱ्याबद्दल कसं बोलते म्हणून कुणी नाक मुरडायला नको.

गल्लीत घरोघरी केबलच्या वायरी लोंबायला लागल्या त्या सुमाराची गोष्ट. धम्मानं लाल बहादूर स्टेडियमवर फायनलला दोन गोल मारले आणि कंपनीच्या टीमनं बऱ्याच वर्षांनी करंडक आणला. दुसऱ्या दिवशी आमच्या अंबरपेठच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, ते मला दुसरा गोल कसा झाला ते समजावून सांगत होते. मी चहावर चहा उकळत होते आणि माझ्या डोक्यात एकच होतं, की आता यानं थांबावं.

असं बोलले असते तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. तिशीचा गडी, असा भरात आलेला, पेपरात फोटो. पण पेपरात गुडघा दिसत नाही. उजव्या गुडघ्यात पाणी भरायचं. डॉक्टर सुईनं ते काढायचे, मग दोन-तीन मॅच निभायच्या, की पुन्हा गुडघा टम्म. मिठाच्या पुरचुंडीनं तो शेकायला मीच बसायचे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "असाच खेळलास तर पुढं जिना चढायला माणूस लागेल."

दुसरी काळजी नोकरीची. आमची कंपनी सरकारी, पंप बनवायची. धम्माला तिथं घेतलं ते फुटबॉलसाठी. कागदावर तो फाउंड्रीतला हेल्पर, पण फाउंड्री त्यानं दारातूनच पाहिलेली. सकाळी हजेरी लावायची आणि मैदान गाठायचं. टीममधल्या सगळ्यांचं तसंच. आधी त्यात काही बिघडत नव्हतं, खेळणं सुटलं की कुठंतरी खुर्ची मिळायची. आता दिवस पालटले होते. सरकारी कारखान्यांनी आपलं पोट आपण भरावं असं वरून ठरलं. दिल्लीहून नवे मोठे साहेब आले, गेटवर स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली आणि ज्याला काम येत नाही त्याचं काय होणार हे ज्यानं त्यानं समजून घ्यायचं होतं.

माझे सासरे श्रीपती, मी त्यांना मामा म्हणते, त्याच फाउंड्रीत रिटायर झालेले. परभणीकडून आले ते थेट भट्टीपुढं उभे राहिले. ते म्हणायचे, "लोखंडाचा रस उडाला की कुठं सरकायचं ते पायाला कळावं लागतं. ते तिशीत शिकवून येत नाही."

कंपनीत एक जुनी रीत होती. टीम जिंकली की कँटीनमध्ये सगळ्यांना बायकापोरांसकट खाना. जेवणाआधी मोठे साहेब सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याला पुढं बोलावणार आणि विचारणार, "क्या होना, बोल." म्हणजे काय पाहिजे ते माग. एक माणूस, एक मागणं. पहिल्या साहेबांनी घालून दिलेला पायंडा. कुणी क्वार्टर मागितलं, कुणी भावाला नोकरी, एकानं तर सासऱ्याच्या विहिरीसाठी पंप मागितला होता आणि तोही मिळाला. नकार मिळाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आणि ही रीत आता पुढं चालेल याची कुणाला खात्री नव्हती.

पाहुणे पांगल्यावर मी धम्माला म्हणाले, "शुक्रवारी खाना आहे. स्टोअरमधली खुर्ची माग. सांग की बूट उतरवतोय."

तो पाय लांब करून बसला होता. आधी त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

"पागल झाली का रेणू? दोन गोल मारल्यावर कोणी सोडतं का?"

"दोन मारल्यावरच सोडायचं. शून्य मारल्यावर तुला खुर्ची कोण देणार?"

"तुला नाही समजणार ते."

"समजावून सांग. मी काही ठोंबी नाही."

त्यानं लांब केलेला पाय हातानं जवळ ओढला. मग म्हणाला, "इतके साल मी चेंडूच्या मागं पळलो. आता कुठं चेंडू कुठं पडणार ते मला आधी समजायला लागलं. त्याच्या आधी मी तिथं असतो. दुसरा गोल तसाच झाला. हे यायला माझी सगळी उमर गेली, आणि तू म्हणते सोड."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. पण त्याचं डोकं आणि त्याचा गुडघा यांची गाठ पडायला उशीर झाला होता. मी तसं म्हणाले तेव्हा तो उठून बाहेर गेला. दोन दिवस आमच्यात अबोला होता. माझे दिवस दिलसुखनगरच्या कंप्युटर क्लासमध्ये जायचे. तिथं मी फी घ्यायला बसायचे आणि अमेरिकेला निघालेली पोरं बघत राहायचे. संध्याकाळी घरी आले की आत्या दोघांचे निरोप इकडून तिकडं पोचवायच्या आणि वैतागायच्या.

शेवटी मामांनी तोंड उघडलं. "रेणुका बरोबर बोलते," एवढंच म्हणाले. गुरुवारी सकाळी धम्मा माझ्याजवळ येऊन बसला. "ठीक आहे. मागतो खुर्ची." त्यानं आत्याच्या गळ्याची शपथ घेतली. साहेबांपुढं बोलायचं वाक्यही माझ्यापुढं म्हणून दाखवलं, "साब, अब बूट उतारतूँ. स्टोर में एक कुर्सी होना." म्हणताना त्याचे डोळे भरले. मीही रडले, पण मला हलकं वाटलं.

त्याच दिवशी इलियास आला. इलियास टीमचा गोलकीपर, धम्माचा जिवाचा दोस्त. नेहमी आल्या आल्या माझ्या चहाला नावं ठेवणार. त्या दिवशी नुसता बसून राहिला. मग सांगितलं, पहिल्या तारखेपासून टीम बंद. आतल्या ऑफिसातून त्याला कळलं होतं. सगळ्या पोरांना फाउंड्री, नाही जमलं तर स्वेच्छानिवृत्ती.

धम्मानं त्याला आपलं ठरलेलं सांगितलं. मी इलियासच्या चेहऱ्याकडं बघत होते. तो काही मागेल, रडेल, भांडेल, कशालाही मी तयार होते. तो हसला. "अच्छा करा रे. तू अच्छे टाइम पे छोड़ रा. हम लोगाँ का देखेंगे कुछ तो बी." चहा संपवला, मला म्हणाला, "भाभी, आज चाय अच्छी है," आणि गेला. त्यानं चहाला नावं ठेवली असती तर पुढचं सगळं टळलं असतं असं मला कधीकधी वाटतं.

शुक्रवारी मी लग्नातली साडी नेसले. कँटीनमध्ये बिर्याणीचा वास, पोरांचा गोंधळ, टीमची मुलं एका ओळीत. साहेब चांगल्या मूडमध्ये होते. त्यांना कुणीतरी रीत समजावून दिली असावी, कारण कागदावर बघून त्यांनी ते शब्द वाचले, "क्या होना, बोल." सगळे हसले. धम्मा माइकपुढं गेला. मी ओठांतल्या ओठांत त्याचं वाक्य म्हणत होते.

त्यानं एकदा ओळीकडं पाहिलं. मग म्हणाला, "साब, टीम होना."

धम्मा मान खाली घालून पुन्हा म्हणाला, "बंद नक्को करो साब. टीम होना."

साहेब मुरलेले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माइक आपल्याकडं ओढला. "ठीक है. जब तक धम्मानंद खेलेगा, टीम रहेगी."

टाळ्यांनी पत्रे दणाणले. इलियास पोरासारखा रडत होता. बायका येऊन माझे हात धरत होत्या, एक तर माझ्या पाया पडली. मला त्या क्षणी धम्माच्या मुस्कटात मारावीशी वाटली. साहेबांनी एका वाक्यात त्याला बांधून टाकलं होतं आणि माझ्याशिवाय ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

घरी आल्यावर मी विचारलं, "शपथेचं काय?"

"तू तिथं उभी असती तर तू पण हेच मागितलं असतं," तो म्हणाला.

"मी नसतं मागितलं," मी म्हणाले, आणि तेव्हा ते खरं होतं.

टीम राहिली, पण साहेबांनी ती छाटली. तीन-चार जण कमी केले, त्यात किशोर होता. आमच्याच गल्लीतला, डाव्या बाजूनं वाऱ्यासारखा पळणारा. त्याला फाउंड्रीत पाठवलं.

त्यानंतर माझ्या नवऱ्याचा गुडघा माझा राहिला नाही. कोण येऊन तेलानं मालिश करतंय, कोण पहाडी शरीफच्या दर्ग्यातून ताईत आणतंय. सगळे आधी गुडघ्याकडं बघायचे, मग धम्माला 'कैसा है' विचारायचे. मैदानावर त्याला पळायला लागू नये म्हणून त्याच्या वाटचं इतर पळायचे आणि चेंडू आणून त्याच्या पायाशी ठेवायचे. सहा महिने ते खपलं. मग लोकांना दिसायला लागलं. पेपरवाल्यानं लिहिलं, धम्मानंदनं करंडक जिंकला तेव्हाच थांबायला हवं होतं, लोभ वाईट. त्या पेपरवाल्याला घरी बोलावून शेकायला बसवावं असं मला वाटलं.

धम्मा एकदा म्हणाला, "मला खेळवतात गं. लहान पोराला खेळवतात तसं." आणि त्यानं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर किशोरचा हात भाजला. लोखंड ओतताना रस उडाला आणि तो सरकला तो नेमका चुकीच्या बाजूला. मी आणि आत्या त्याला बघायला अफझलगंजच्या दवाखान्यात गेलो. कोपरापर्यंत बँडेज. बायको उशाशी बसून त्याला भरवत होती. तो मला म्हणाला, "वहिनी, धम्माला सांग, खेळत राहा. बाकीच्यांना इथं येऊ देऊ नको." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतरच्या रविवारी लीगची मॅच होती. मी बायकांच्या बाजूला बसले होते. रिकामा गोल समोर, चेंडू पायाशी, आणि धम्माचा गुडघा वळला. चेंडू तिथंच राहिला आणि तो खाली बसला. मागून कुणीतरी ओरडलं, "घर जा रे बुड्ढे," आणि अख्खं स्टँड हसलं. गेल्या वर्षी याच लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. इलियास आपला गोल सोडून मैदानभर पळत आला आणि त्यानं धम्माला काखेत धरून उठवलं. तरी धम्मा बाहेर आला नाही. उरलेला वेळ तो लंगडत मैदानातच राहिला.

रिक्षातून घरी आणलं तेव्हा ऊन अजून होतं. मामा बर्फ आणायला गेले. धम्मा कॉटवर पडून होता, पाय उशीवर. गुडघा इतका सुजला होता की पट्टी कापून काढावी लागली. मी कात्री खाली ठेवली तेव्हा त्यानं माझा हात धरला.

"रेणू, तुझंच खरं होतं," तो म्हणाला. "आता नाही होत माझ्यानं. तू हो म्हण, मी उद्याच साहेबांना सांगतो. बाकीच्यांचं काय ते मी बघणार नाही. फक्त तू एकदा हो म्हण."

वर्षभर मी हेच ऐकायला टपले होते. हे ऐकल्यावर काय करायचं तेही ठरवून ठेवलं होतं, त्याला जवळ घ्यायचं आणि म्हणायचं, बस झालं. तो माझ्याकडं बघत होता. आत्याच्या घरी सुट्टीला जायचे तेव्हा झाडावर चढून अडकलेला धम्मा माझ्याकडं असाच बघायचा, खाली उतरव म्हणून.

माझ्या डोळ्यांपुढं किशोरचा हात आला. मग इलियासचा हात, मग एकेकाचा. आणि खरं तेच सांगते, धम्माचाही आला. कारण खुर्ची मागायची त्याची संधी संपली होती आणि टीम गेली की या पायानं तोही भट्टीपुढंच उभा राहणार होता.

मी त्याच्या हातातून माझा हात सोडवून घेतला.

"पुढची मॅच कधी आहे?" मी विचारलं.

त्याला आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"शनिवारी," तो म्हणाला.