एक जूनची मदीहा

आमच्या मंठा तालुक्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. ज्या लेकराची जन्मतारीख घरच्यांना सांगता येत नाही, त्याला आम्ही शिक्षक डोळे झाकून हीच तारीख देतो. मदीहालाही मीच दिली. वर एक वर्ष वाढवलंही. पोर जेमतेम पाचची होती, पहिलीला सहा पूर्ण लागतात, पण शाळेचा पट एकोणीसवर अडला होता आणि वीस भरले नाहीत तर शाळा बंद होणार, अशी आवई उठली होती. मी मुख्याध्यापिका. शाळा वाचली म्हणून मी पेढे वाटले होते.

यंदा मदीहा आठवी पास झाली, वर्गात पहिली. आमची शाळा आठवीपर्यंतच. नववी मंठ्याला, अठरा किलोमीटर, एसटी नाही. तिचा बाप हाशिम म्हणाला, "बाई, गाडीची सोय झाली तर धाडतो. न्हाई तर बियाण्याच्या प्लॉटवर निंदायला जाईल. मुकादम येऊन गेल्ता."

मी जालन्याचं शिक्षण कार्यालय गाठलं. साहेबांपुढे संविधान उघडून धरलं. "सर, यात इयत्ता नाही, वय लिहिलंय. सहा ते चौदा. पोर तेराची आहे. सरकारनं तिला अजून वर्षभर शिकवायला हवं, मंठ्याला जायला गाडीही द्यायला हवी."

"कोणत्या सरकारनं?" साहेब हसले. "शिक्षण समवर्ती सूचीत आहे, मॅडम. केंद्राचंही, राज्याचंही. दिल्लीचा कायदा आठवीला थांबतो. पुढचं मुंबई बघेल. गाडीचं काम आमच्याकडे, पण निधी वरून यायचा."

म्हणजे दोघांचं आणि कुणाचंच नाही! मी तावातावानं बोलत राहिले. त्यांनी शांतपणे मी नेलेला मदीहाच्या प्रवेशाचा कागद पुढे ओढला. "आणि तेरा कुठंय? एक जूनला चौदा पूर्ण. ही सही कुणाची?"

सही माझीच होती.

"चूक माझी आहे. दुरुस्त करा."

"पुरावा आणा."

घरच्या बाळंतपणाचा पुरावा कुठून आणू? कशीबशी गावी परतले.

शाळेच्या ओट्यावर हाशिम, मदीहा आणि मुकादम पुंजाराम बसले होते. चौदाच्या आतलं लेकरू कामाला लावणं गुन्हा, म्हणून पुंजारामला शाळेचा दाखला हवा होता. दाखला अडवता येत नाही, तोही कायदाच. रजिस्टरात होतं तेच लिहिलं आणि सही केली.

पुंजारामनं तारखेवर बोट ठेवलं. "चौदा पूर्ण. बराबर हाय. उद्या साताला टेम्पो येईल."

"ती तेराची आहे!" मी ओरडले.

"कागद तुमचाच हाय, बाई," तो म्हणाला. हाशिमनं मान खाली घातली.

मदीहा जवळ आली. "बाई, तुम्हीच शिकवल्तं, चौदापर्यंत हक्क असतो म्हणून. मंग माझं एक वर्ष कुठं गेलं?"

"मी घेतलं, पोरी. शाळेसाठी घेतलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. पाठ अडला की बघायची तशीच.

"मंग परत द्या ना, बाई."